हसायलाच पाहिजे?

दिवाळी अंकासाठी टीकालेख मागताना संपादकांनी विषयाची मोकळीक दिली होती. एखाद्या कादंबरीवर किंवा कवितासंग्रहावर मी लिहीन अशी त्यांची अपेक्षा असणार. परंतु मी लिहिणार आहे ते दूरचित्रवाणीवरच्या एका कार्यक्रमावर, आणि तोही विनोदी! समीक्षकाने असल्या विषयाला हात लावणे आपल्याकडे थोडे कमीपणाचे मानतात. जी गोष्ट जवळजवळ दहा वर्षे महाराष्ट्राच्या घराघरांत रात्रीच्या जेवणाबरोबर वाढली गेली, तिच्याविषयी अवाक्षर काढावयाचे नाही आणि तीनशे प्रती खपलेल्या पुस्तकावर मात्र पाने भरावयाची, हा न्याय मला उलटा वाटतो. (माझ्या स्वतःच्या कादंबरीच्या किती प्रती खपल्या, हे वाचकांनी कृपा करून विचारू नये.)

हा कार्यक्रम म्हणजे ‘चला हवा येऊ द्या’. झी मराठी वाहिनीवर २०१४ च्या ऑगस्टमध्ये तो सुरू झाला आणि २०२४ च्या मार्चमध्ये थांबला. बहुतेक काळ सोमवार-मंगळवारची रात्रीची साडेनऊची वेळ त्याची ठरलेली असे. २०२५ च्या जुलैत तो नव्या रूपात परत आला खरा. पण त्या रूपात स्पर्धा होती, नव्या दमाचे हौशी कलावंत होते आणि पाहुण्यांशी गप्पा हा जुना कणा उरला नव्हता. मी लिहितो आहे तो जुन्या रूपाविषयी. त्याचे भाग लोक अजूनही मोबाइलवर पाहतात, आणि असाच एक भाग मी यंदाच्या श्रावणात तुर्भ्यात माझ्या शेजाऱ्यांच्या घरी पाहिला.

तुर्भ्याची रात्र ही इतर गावांच्या रात्रीसारखी नसते, हे आधी सांगितले पाहिजे. मुंबईतले घाऊक बाजार ऐंशीच्या आणि नव्वदच्या दशकांत टप्प्याटप्प्याने खाडीपलीकडे आले ते येथे. नाशिक, जुन्नर, सातारा अशा मुलखांतून भाजीपाल्याच्या गाड्या रात्री येथे येऊन लागतात आणि मुंबईकर जेव्हा पहिल्या झोपेत असतो, तेव्हा आमच्याकडे फ्लॉवरच्या गोणी उतरत असतात. माझे शेजारी त्या बाजारात माथाडी कामगार आहेत. मूळ गाव पाटण तालुक्यातले. रात्री दीडला ते उठतात. साडेनऊला कार्यक्रम, साडेदहाला अंथरूण, आणि तीन तासांनी डोक्यावर ओझे, असा त्यांचा अनेक वर्षांचा क्रम होता. उरलेली झोप दुपारी. “एवढ्या थोडक्या झोपेतला एक तास तुम्ही हसण्यावर घालवता?” असे मी एकदा विचारले, तेव्हा ते म्हणाले, “गुरुजी, पत्र झाल्याशिवाय झोपच येत नाही.” हे पत्र काय प्रकरण आहे ते पुढे येईलच.

तर त्या रात्री स्वयंपाकघराच्या ओट्यावर स्टीलच्या डब्याला मोबाइल टेकवून ठेवलेला. समोर शेजारी, वहिनी, त्यांची बारावीतली मुलगी आणि मी. बाहेर पाऊस, आणि मधूनच ठाणे-वाशी मार्गावरच्या लोकलचा आवाज. भागात आलेले पाहुणे कोण होते नि त्यांचा चित्रपट कोणता होता, हे मी मुद्दामच सांगत नाही. एक तर तो चित्रपट मी पाहिलेला नाही. आणि दुसरे म्हणजे, या कार्यक्रमाच्या भागांची वीण इतकी सारखी असे की एकाचे वर्णन केले म्हणजे पुष्कळांचे होते.

डॉ. निलेश साबळे येतात. हे गृहस्थ शिक्षणाने आयुर्वेदाचे डॉक्टर आणि वृत्तीने अस्सल नकलाकार. “कसे आहात मंडळी? हसताय ना? हसायलाच पाहिजे!” हा त्यांचा नमस्कार. नव्या चित्रपटाची किंवा नाटकाची मंडळी येऊन सोफ्यावर बसतात. दोन-चार प्रश्न, दोन-चार आठवणी, थोडे कौतुक. मग ‘थुकरटवाडी’ नावाच्या कल्पित गावात एक प्रहसन उभे राहते. थुकरट म्हणजे हलक्या प्रतीचे, टाकाऊ. गावाचे नावच असे ठेवल्यामुळे पुढे जे घडेल त्याबद्दल कोणी जाब विचारू नये, अशी सोय आधीच झालेली! या गावात भाऊ कदम, कुशल बद्रिके, भारत गणेशपुरे, सागर कारंडे आणि श्रेया बुगडे ही मंडळी राहतात. पाहुणे ज्या चित्रपटाची जाहिरात करावयास आलेले असतात, त्याच चित्रपटाची फजिती ही मंडळी पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत करतात, आणि पाहुणे सोफ्यावर लोळून हसतात.

गुण आधी सांगतो, कारण ते खरे आहेत. भाऊ कदम यांचा विनोद वाक्यात नसतो. तो वाक्य संपल्यानंतरच्या थांबण्यात असतो. समोरचा माणूस तावातावाने बोलत असताना हा गृहस्थ निर्विकार उभा राहतो, आणि त्या उभे राहण्याने सगळा ताव उतरतो. ही गोष्ट शिकवून येत नाही. भारत गणेशपुऱ्यांनी वऱ्हाडी बोली ज्या सहजतेने घरोघरी नेली, तिचे मोल भाषेच्या मास्तरला अधिक कळते. आपल्या रंगभूमीवर बोली ही पुष्कळदा घरगड्याच्या तोंडी दिली जाई, म्हणजे ती ऐकू येताच हसावयाचे असते हे प्रेक्षकाला कळे. गणेशपुरे वऱ्हाडीत बोलतात तेव्हा हसू येते ते त्यांच्या बोलण्यातल्या तिरकस शहाणपणाला, बोलीला नव्हे. हा फरक लहान नाही. आणि पुरुषांच्या या घोळक्यात श्रेया बुगडे ज्या धिटाईने नकला करतात, ती धिटाई मराठी स्त्रीच्या वाट्याला विनोदात फारशी येऊ दिली गेली नव्हती.

या साऱ्याचे गोत्र जुने आहे. अमेरिकेत रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमाचा साचा स्टीव्ह अ‍ॅलन याने १९५४ च्या सप्टेंबरात घालून दिला आणि जॉनी कार्सन याने तो १९६२ पासून १९९२ पर्यंत तीस वर्षे चालवला. यजमानाने उभ्याने दिवसभराच्या बातम्यांची टर उडवावयाची, मग मेजामागे बसावयाचे, शेजारच्या आसनावर पाहुणा. आपल्या सोफ्याचे लाकूड तिकडचे, हे मान्य. परंतु त्यावर घातलेली गोधडी मात्र येथलीच आहे. सोंगाड्याने समोरच्याला बोलते करून त्याची फिरकी घ्यावयाची, ही तमाशातली बतावणी. एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडे रचली ती जोशी, गोंधळी, वासुदेव अशा नाना सोंगांच्या तोंडून. गाडगेबाबा कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि त्यांच्याच उत्तरांत त्यांना पकडीत. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि त्यावरच्या ‘गजरा’ने विनोदी प्रवेशांची गोडी घरबसल्या लावली. म्हणजे थुकरटवाडी ही काही आभाळातून पडलेली नाही.

मात्र या गोत्रातच माझी पहिली तक्रार आहे. वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ साली रंगभूमीवर आले, तेव्हा दादा कोंडके त्यात हवालदार होत आणि त्या दिवसाच्या राजकारणावर आयत्या वेळी टोमणे मारीत. वगातला राजा सिंहासनावर बसलेला असतो, सोंगाड्या जमिनीवर उभा असतो, आणि जमिनीवरचा माणूस सिंहासनावरच्याला बोलतो. गंमत तेथे आहे. राजा रागावू शकतो. सोंगाड्याचे काहीही होऊ शकते. हा धोका असतो म्हणून तर प्रेक्षकाच्या पोटात गोळा येतो, आणि तो गोळा फुटतो तेव्हा हसू फुटते.

थुकरटवाडीतला राजा म्हणजे पाहुणा. तो रागावणार नाही हे ठरलेले आहे, कारण तो आपला माल विकावयास आलेला आहे. त्याच्या चित्रपटाची थट्टा ही त्याच्या चित्रपटाची दवंडीच होय. शिवाय वाहिनी ज्या समूहाची, त्याच समूहाची चित्रपट काढणारी संस्थाही आहे. तेव्हा कधी कधी तर थट्टा करणारा, करून घेणारा आणि दोघांना आसन देणारा हे एकाच घरचे असत. २०१६ साली ‘सैराट’ची मंडळी या गावात आली. ज्या चित्रपटाच्या शेवटी चित्रपटगृहातले लोक काही क्षण उठत नसत, त्याचीही पाठवणी हसण्याच्याच रस्त्याने झाली. यात कोणाचे चुकले असे मी म्हणत नाही. व्यापाराची ही रीतच आहे, आणि तुर्भ्यात राहणाऱ्याने व्यापाराला नाके मुरडू नयेत. पण ज्या थट्टेने राजाचा गल्ला वाढतो, तिला थट्टा म्हणावे की मानपत्र, एवढाच माझा प्रश्न आहे.

यावर कोणी म्हणेल, मग अमेरिकेतल्यासारखी सत्ताधाऱ्यांची थट्टा करावी काय? तिकडेही सारे सुखाचे नाही. स्टीफन कोल्बेअर याचा रात्रीचा कार्यक्रम २०२६ च्या मे महिन्यात बंद होणार, असे त्याच्या वाहिनीने २०२५ च्या जुलैत जाहीर केले. कारण निव्वळ आर्थिक आहे असे वाहिनीचे म्हणणे. पण आपल्याच मालक कंपनीने राष्ट्राध्यक्षांशी केलेल्या तडजोडीवर त्याने टीका केली, त्यानंतर थोड्याच दिवसांत हे घडले, ही गोष्टही लोकांच्या नजरेतून सुटली नाही. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जिमी किमेल याचा कार्यक्रम काही दिवस बंद ठेवण्यात आला आणि लोकांनी ओरड केल्यावर पुन्हा सुरू झाला. आणि आपल्याकडे? २०२५ च्या मार्चमध्ये कुणाल कामरा यांच्या एका विडंबनगीतावरून खारमधल्या एका प्रयोगस्थळाची मोडतोड झाली. तेव्हा सोंगाड्याला आजही धोका आहे. फक्त तो साडेनऊच्या कार्यक्रमाला नव्हता. आपल्या घरोघरच्या विनोदाने दिवसाच्या बातमीशी फारशी सोयरीक ठेवली नाही, ती बहुधा या शहाणपणानेच. पण त्याचा परिणाम असा झाला की हसण्याची भूक तर तेवढीच राहिली, आणि वर बघून हसण्याची सोय मात्र उरली नाही. मग माणूस शेजारी आणि खाली बघून हसतो.

खाली म्हणजे कोठे? जाडेपणावर, काळेपणावर, टकलावर, आणि सर्वांत अधिक म्हणजे लुगड्यावर. पुरुषाने साडी नेसून येणे हा या कार्यक्रमाचा हुकमी एक्का होता. भाऊ कदमांची ‘शांताबाई’ महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. पुरुषाने स्त्रीवेष घेणे हे काही आपल्याला नवे नाही. बालगंधर्व नऊवारी नेसून येत, तेव्हा घरंदाज स्त्रिया त्यांच्याकडे पाहून नेसणे शिकत. तेथे साडी ही सौंदर्याची बाब होती. येथे साडी हाच विनोद आहे. ती नेसून माणूस नुसता उभा राहिला की टाळी. वर्षातून एकदा ही गंमत गोड लागते, शिमग्यातल्या सोंगासारखी. दर आठवड्याला ती आली की हळूहळू असे ठसते की बाई असणे, किंवा बायकी असणे, हेच मुळात हसण्यासारखे आहे. त्या रात्रीसुद्धा साडीतला पुरुष येताच शेजारी खदखदा हसले, मीही हसलो. वहिनींनी मात्र पोळीची कणीक मळता मळता हसून घेतले, म्हणजे तोंड हसले, हात थांबले नाहीत. आणि मुलीने मोबाइलकडे न पाहता आपल्या वहीत काही तरी रेघोट्या मारल्या. मी एवढे पाहिले. यावरून मोठा सिद्धांत काढीत नाही.

आता मला माझीच एक गोष्ट सांगणे भाग आहे, कारण या कार्यक्रमाविषयीचे माझे मत पुस्तकांतून बनलेले नसून एका सोफ्यावर बनलेले आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांनी याच धर्तीचा एक गप्पांचा कार्यक्रम बसवला. मुख्याध्यापकांच्या खोलीतला सोफा रंगमंचावर आणला गेला आणि पाहुणा म्हणून मला त्यावर बसवण्यात आले. साबळ्यांच्या थाटात एक मुलगी सूत्रसंचालक झाली होती. प्रथम माझ्या छत्रीची थट्टा झाली; मी हसलो. मग माझ्या ‘लक्षात आलं का?’ या शब्दांची. वर्गात मी ते इतक्यांदा म्हणतो हे मला ठाऊक नव्हते, पण मी हसलो. त्या वेळी मला कळले की सोफ्यावर बसलेल्या माणसाला हसण्यावाचून दुसरे काही करताच येत नाही. सारे सभागृह थट्टेकडे पाहत नसते. थट्टा झालेला माणूस हसतो की नाही, इकडे पाहत असते. न हसला तर तो हलक्या मनाचा ठरतो. ‘हसायलाच पाहिजे’ हे वाक्य मी इतकी वर्षे आर्जव म्हणून ऐकले होते. सोफ्यावर बसल्यावर ते फर्मान वाटले.

मग वर्गाचा प्रवेश आला. माझे सोंग घेतलेला मुलगा हजेरी घेऊ लागला. पुढच्या दोन बाकांवरच्या मुलांची नावे त्याने आडनावांसकट, गोड आवाजात घेतली. मागच्या बाकांकडे वळला आणि म्हणाला, “ए, तू खिडकीजवळचा. तू रे, त्याच्या मागचा. आणि तो कोण, उशिरा आलेला?” सूत्रसंचालक मुलीने विचारले, “सर, तुम्हाला वर्गातल्या किती मुलांची नावं पाठ आहेत?” तो माझ्याच ढबीने चष्मा वर सारून म्हणाला, “पहिल्या दोन बाकांची. लक्षात आलं का?”

सभागृह कोसळले. मी मात्र हसू शकलो नाही. अगदी क्षणभरच, मग मी इतरांपेक्षा मोठ्याने हसलो, आणि तेवढ्यावरून ज्याला कळावयाचे त्याला कळले असेल. आमच्या शाळेत दोन तऱ्हांची मुले येतात. काही सेक्टरांतल्या इमारतींतून, काही डोंगराकडच्या, खाणीलगतच्या वस्त्यांतून. दुसरी मुले सकाळी पाणी भरून येतात, म्हणून उशिरा येतात, म्हणून मागे बसतात. हे मी कोणाला तरी सांगताना नेहमी कळवळून सांगत असे. माझ्या कादंबरीत त्यावर एक प्रकरणही आहे. आणि मला त्यांची नावे पाठ नव्हती.

कार्यक्रम संपल्यावर मी त्या मुलाची पाठ थोपटावयास गेलो. “शाब्बास,” म्हटले, आणि पुढे त्याचे नाव घ्यावयाचे होते. ते आले नाही. तो मागच्या बाकावरचा होता. तो वाट पाहत उभा राहिला, मग म्हणाला, “चालतंय सर,” आणि गेला.

त्या दिवसापासून विनोदाची पारख करण्याची माझी एक साधी कसोटी झाली आहे. ज्या थट्टेवर पाहुणा ताबडतोब हसतो, ते मानपत्र. ज्या थट्टेवर तो क्षणभर गप्प होतो आणि मग हसतो, ती थट्टा. छत्रीवरचा विनोद आणि हजेरीवरचा विनोद दोन्ही एकाच मुलांनी रचलेले होते; पहिल्याने माझे काही गेले नाही, म्हणून मला काही मिळालेही नाही. थुकरटवाडीत मी शेकडो वेळा हसलो; पाहुण्याला क्षणभर गप्प झालेला मात्र मी फार थोड्या वेळा पाहिला. कलावंतांत ताकद नव्हती म्हणून नव्हे. भाऊ कदमांच्या एका थांबण्यात राजाला घाम फोडण्याची ताकद आहे. पण राजा हा गिऱ्हाईक होता, आणि गिऱ्हाइकाला घाम फोडावयाचा नसतो.

आणि तरीही पाहुणे गप्प होत. ते होत पत्राच्या वेळी. आता त्या पत्राविषयी.

प्रहसन आटोपले की पुष्कळ भागांत खाकी कपड्यांतला एक पोस्टमन येई. सागर कारंडे हे थोड्या वेळापूर्वी ज्या अंगाने खिदळत असत, तेच अंग आखडून घेऊन सायकलवरच्या डाकवाल्याच्या नम्रपणे उभे राहत आणि पिशवीतून पत्र काढून वाचीत. ही पत्रे अरविंद जगताप यांनी लिहिलेली. कधी शेतकऱ्याचे, कधी आईचे, कधी सीमेवरच्या जवानाविषयीचे; भाषा साधी, वाक्ये लहान. तासभर हसवलेले सभागृह दोन मिनिटांत शांत होई आणि सोफ्यावरचे लोक डोळे पुसू लागत.

शिष्ट समीक्षक या पत्राला नावे ठेवतात. हसवून झाल्यावर थोडे रडवणे ही जुनी युक्ती आहे, पंगतीच्या शेवटी ताक वाढावे तशी, असे ते म्हणतात. यात तथ्य नाही असे नाही. रडून झाल्यावर माणसाला बरे वाटते, आणि बरे वाटले की तो उठून काही करीत नाही. शेतकऱ्याच्या पत्राने पाणावलेले डोळे दुसऱ्या दिवशी भाजीचा भाव ऐकून पुन्हा कोरडे होतात, हे तुर्भ्यात राहणाऱ्याला मी सांगावयास नको. शिवाय पत्रात दुःख असते, पण ते दुःख कोणामुळे झाले त्याचा पत्ता पुष्कळदा नसतो. उपरोधाने जेथे बोट दाखवावयाचे, तेथे अश्रूंनी पडदा पडतो.

हे सारे मी त्या रात्री शेजाऱ्यांना सांगू लागलो होतो. तेवढ्यात पत्र सुरू झाले. शेजाऱ्यांनी हात वर करून मला गप्प केले. वर्गात मी मुलांना करतो तसे. पत्र संपेपर्यंत कोणी बोलले नाही. मग ते म्हणाले, “गुरुजी, माझा बाप मशीद बंदरला पाठीवर गोणी वाहायचा. गावाला मनिऑर्डर पाठवायचा. तिच्या खाली दोन ओळी लिहायची जागा असायची. त्याला लिहिता येत नव्हतं. दुसऱ्याकडनं लिहून घ्यायचा, आणि लाजून काही सांगायचाच नाही. ‘सुखरूप आहे’, एवढंच. आईला वाचता येत नव्हतं. ती पोस्टमनकडनं वाचून घ्यायची. पोस्टमन आपल्या मनानं दोन वाक्यं जादा वाचायचा. आम्हाला मागनं कळलं.”

वहिनी म्हणाल्या, “म्हणून हे पत्रासाठी थांबतात.”

मी गप्प बसलो. माझ्या कसोटीप्रमाणे हा त्या रात्रीतला गप्प होण्याचा क्षण होता, आणि या वेळी सोफ्यावर पुन्हा मीच होतो. ज्याला मी युक्ती म्हणत होतो, ती त्यांच्या घरात घडलेली गोष्ट होती. ज्याला लिहिता येत नाही त्याच्या वतीने कोणी तरी लिहावे आणि जिला वाचता येत नाही तिला कोणी तरी वाचून दाखवावे, एवढेच त्या पत्रात होते. प्रहसनात गावाकडचा माणूस हसण्यासाठी उभा केला जाई. पत्रात मात्र तो बोले, आणि चित्रपटांतली मोठी माणसे ऐकून घेत. सिंहासनावरच्याला जमिनीवरच्याचे ऐकावयास लावणे हे सोंगाड्याचे खरे काम. ते काम या कार्यक्रमात सोंगाड्याच्या हातून सुटले होते आणि पोस्टमनने उचलले होते. अपुरे, ओलसर डोळ्यांनी. पण उचलले होते.

तेव्हा माझा अभिप्राय असा आहे. हा कार्यक्रम मराठी माणसाने हसत हसत पाहिला यात लाजण्यासारखे काही नाही. त्यातले नट पहिल्या प्रतीचे होते. त्याचा दोष एवढाच की त्याने हसण्याची सक्ती केली आणि हसण्याचा धोका टाळला. विनोद आणि व्यथा यांची त्याने दोन वेगळ्या खोल्यांत सोय केली: आधी पोटभर हसून घ्या, मग दार लावून रडा. एकनाथांच्या भारुडात या दोन खोल्या नाहीत. तेथे ज्या वाक्याला हसू येते तेच वाक्य घरी जाताना टोचते. आमच्या शाळेतल्या पोरांना हे कोणी शिकवले नव्हते, तरी त्यांना साधले. ज्यांना सोफ्यावरच्या माणसाकडून काही मिळवावयाचे नसते, त्यांना ते अधिक सोपे जाते, असे मला वाटते. साबळे यांनी पुढे २०२४ साली दुसऱ्या वाहिनीवर ‘हसताय ना? हसायलाच पाहिजे!’ याच नावाचा कार्यक्रम केला. उद्या त्यांनी किंवा आणखी कोणी नवा मांडव घातला, तर त्याने सोफ्यावर एकदा असा पाहुणा बसवावा, की ज्याला काही विकावयाचे नाही. आणि पत्र प्रहसनाच्या आधी वाचावे. मग पुढे काय होते ते पाहावे.

त्या रात्री भाग संपला तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. शेजाऱ्यांनी मोबाइलला दीडचा गजर लावला. मी छत्री उचलून निघालो, तर दारात त्यांच्या मुलीने विचारले, “काका, तुमच्या शाळेतल्या त्या मुलाचं नाव काय होतं शेवटी?” गोष्ट मी तिला पूर्वी कधी तरी सांगितली होती.

मी नाव सांगितले. आता सगळ्यांची पाठ आहेत, मागच्या बाकांपासून सुरुवात करतो. पण त्या मुलाचे नाव मला कळले ते शाळेच्या कचेरीतले हजेरीपत्रक पाहून, आणि तेव्हा तो शाळा सोडून गेला होता. येथे ते छापीत नाही. या अंकाची पहिली प्रत कोणाला द्यावयाची, हे मात्र ठरलेले आहे. ती घेऊन मला खाणीकडच्या वस्तीत घर शोधावे लागेल. तो हसेल की गप्प राहील, ते मला सांगता येत नाही.